विद्येचे सीमोल्लंघन

आपल्या शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीविषयी या स्मरणिकेत अनेक लेख आहेत. इमारतीची, निधीची, निष्ठावंत शिक्षकांची आणि गुणवंत विद्यार्थ्यांची हकिगत त्यांत आलेली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. गेल्या काही वर्षांत प्रवेशाच्या दिवसांत पालक एक प्रश्न आवर्जून विचारतात. आमची मुले पुढे जर्मनीला, जपानला, कॅनडाला जाण्याची स्वप्ने पाहतात. तेथील भाषा त्यांना शिकावी लागेल. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला ते जमेल काय? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही जबाबदारीने दिले पाहिजे. माझ्या मते त्याचे सर्वांत भरवशाचे उत्तर इतिहासात मिळते. विद्येसाठी परदेशी गेलेली, परकी भाषा आत्मसात केलेली मराठी माणसे कोण होती, ती कशी शिकली आणि परत येताना त्यांनी काय आणले, एवढेच येथे थोडक्यात पाहावयाचे आहे.

सिरपूरला आलेला विद्यार्थी

रायपूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर महानदीच्या काठी सिरपूर आहे. शाळेच्या सहलीत लक्ष्मण मंदिर पाहिले नाही असा माजी विद्यार्थी विरळाच. प्राचीन दक्षिण कोसलची ही राजधानी. इसवी सन ६३९ च्या सुमारास चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग कोसल देशात येऊन गेला, आणि त्याने वर्णिलेली राजधानी सिरपूरच असावी असे अनेक अभ्यासक मानतात. १९५० च्या दशकात येथे उत्खनन करून आनंदप्रभु कुटी विहार उजेडात आणणारे पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी होते, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटावा.

ह्युएनत्संगाला आपण यात्रेकरू म्हणतो. परंतु शिक्षिकेच्या नजरेने पाहिले तर तो परदेशात शिकावयास आलेला विद्यार्थी होता. नालंदेत राहून तो संस्कृत शिकला, आचार्य शीलभद्रांच्या हाताखाली त्याने अध्ययन केले, कोसल आणि महाराष्ट्र या दोन्ही प्रदेशांतून तो फिरला. ६४५ मध्ये स्वदेशी परतताना त्याने सहाशे सत्तावन्न ग्रंथ नेले आणि उरलेले सारे आयुष्य त्यांतील ग्रंथांचे चिनी भाषेत भाषांतर करण्यात वेचले. परकी भाषा शिकणे, परक्या देशात राहणे आणि मिळवलेले ज्ञान स्वभाषेत परत नेणे, असे त्याच्या प्रवासाचे तीन टप्पे होते. यांतला तिसरा टप्पा आपण हल्ली विसरतो. पुढील सर्व विवेचनात वाचकांनी तो लक्षात ठेवावा, अशी विनंती आहे.

सिंधुबंदी आणि १८८३ हे वर्ष

पुढील काळात मात्र या विद्यायात्रेला आपल्याकडे मोठा अडसर निर्माण झाला. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले गेले. परदेशी जाऊन आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, नाहीतर जातीबाहेर राहावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही सिंधुबंदी मोडणाऱ्यांत दोन मराठी स्त्रिया अग्रभागी असाव्यात, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे. दोघींनीही १८८३ या एकाच वर्षी प्रस्थान ठेवले.

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा होते. अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात रोझेल येथे राहणाऱ्या कार्पेंटरबाईंनी एका मासिकात छापलेला पत्रव्यवहार वाचून त्यांना लिहिले होते, आणि त्या पत्रमैत्रीतून त्यांचे घर आनंदीबाईंना उघडे झाले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. आज विद्यार्थी-विनिमयाच्या योजनांत परदेशी विद्यार्थ्याला सांभाळणारे यजमान कुटुंब असते. या मराठी मुलीने आपल्या यजमानीणबाईंना सरळ मावशीच करून टाकले. पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयात काढलेले १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात नऊवारीतल्या आनंदीबाई, जपानी पोशाखातल्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली शेजारी शेजारी आहेत. तीन देशांच्या तीन तरुणी, तिघींनाही परक्या असलेल्या इंग्रजी भाषेत वैद्यकशास्त्र शिकत होत्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूकही ठरली होती. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी शिकलेली विद्या रुग्णांपर्यंत पोहोचू शकली नाही. मात्र काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र मराठी घरांत वाचले गेले आणि त्यातून पुढच्या कित्येक मुलींना वाट दिसली.

पंडिता रमाबाईही १८८३ मध्येच इंग्लंडला गेल्या. चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात त्या एकीकडे विद्यार्थिनी होत्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवीत होत्या. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या आणि तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. शाळा कशा चालतात, स्त्रियांच्या संस्था निधी कसा उभारतात, वृत्तपत्रे कशी निघतात, हे सारे त्यांनी बारकाईने पाहिले. मग त्यांनी काय केले? 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. तो १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात मुंबईत शारदा सदन सुरू झाले. एका हाताने ग्रंथ आणि दुसऱ्या हाताने संस्था, असे त्यांचे परतणे होते. पुढे बायबलच्या मराठी भाषांतरासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. त्यांच्या धर्मविषयक मतांबद्दल कोणाचे काहीही मत असो; एवढ्या भाषा शिकून अखेरचे वाक्य मराठीत लिहिण्याची ही निष्ठा वंदनीय आहे.

'बालबोधमेवा' ते हार्वर्ड

या परंपरेत मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे आहे. आनंदीबाईंच्या मागे पतीचा आग्रह होता, रमाबाईंच्या मागे वडिलांनी दिलेली संस्कृत विद्या होती. कोसंबींच्या मागे यांपैकी काहीही नव्हते. त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण अर्धवट सुटले. नारळीच्या बागांची देखभाल आणि घरप्रपंच यांतच तारुण्य चालले होते. पोर्तुगीज अमलाखालच्या त्या खेड्यात त्यांच्या हाती 'बालबोधमेवा' हे मुलांचे मराठी मासिक पडले आणि त्यातील भगवान बुद्धांवरील लेख त्यांनी वाचला. या बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यावा, ही ओढ त्यांच्या मनात तेथे निर्माण झाली. पुढे जगभर मान्य झालेल्या एका पंडिताच्या अध्ययनाचा आरंभ लहान मुलांच्या मराठी मासिकातून झाला, ही गोष्ट मराठी शाळेच्या ग्रंथालयातील प्रत्येक कपाटावर लिहून ठेवावी अशी आहे.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट घेतली, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत व्याकरण शिकले, नेपाळात जाऊन निराश होऊन परतले. शेवटी बोधगयेत कळले की मूळ बौद्ध ग्रंथ पाली भाषेत आहेत आणि ते शिकावयाचे तर सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जावे लागेल. १९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे दाखल झाले. तेथून पुढे ब्रह्मदेशात गेले. 'निवेदन' या त्यांच्या आत्मचरित्रात या सर्व प्रवासाची हकिगत अत्यंत साध्या भाषेत आलेली आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे.

भाषा शिकणाऱ्यास कशा अडचणी येतात, हे समजण्यासाठी पालीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, युरोप-अमेरिकेतील विद्वान रोमन लिपीत. म्हणजे एका भाषेसाठी कोसंबींना तीन लिप्या नव्याने आत्मसात कराव्या लागल्या. पण दुसरी बाजूही आहे. पालीतले 'हत्थ' म्हणजे आपला हात, 'कण्ण' म्हणजे कान, 'सप्प' म्हणजे साप, 'कम्म' म्हणजे काम. लिपीचा पडदा दूर झाला की आतली भाषा मराठी माणसाला नात्यातली वाटते. परक्या भाषेत आपले काही सापडणे, हा भाषा शिकण्यातला मोठा आनंद आहे. आणि आपली भाषा नीट ठाऊक असल्याशिवाय तो मिळत नाही.

१९०६ मध्ये कोसंबी कलकत्त्याला परतले आणि तेथे पाली शिकवू लागले. कलकत्त्यात मान होता, वेतनही होते. परंतु हे ज्ञान आपल्या मराठी माणसांपर्यंत जावे, हा त्यांचा मूळ संकल्प होता. या वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना एक प्रस्ताव दिला. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. संस्थान दरमहा पन्नास रुपये देईल. कोसंबींनी कलकत्त्याचे अधिक वेतन सोडून हे पन्नास रुपये पत्करले. 'बुद्ध, धर्म आणि संघ' ही त्यांची मराठी व्याख्याने १९१० मध्ये पुस्तकरूपाने आली.

सयाजीरावांच्या अटीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी त्यांनी शिष्यवृत्ती दिली, तीही अशाच कराराने. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावयाची, असे त्यात ठरलेले होते. बडोद्यात बाबासाहेबांना जी अपमानास्पद वागणूक मिळाली तिच्यामुळे ते तेथे टिकू शकले नाहीत, हा आपल्या समाजाच्या इतिहासातील काळा भाग आहे. तरीही ज्ञानाची परतफेड त्यांनी फार मोठ्या प्रमाणावर केली. न्यूयॉर्क आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकलेल्या या विद्वानाने ३१ जानेवारी १९२० रोजी जे पाक्षिक काढले, ते 'मूकनायक', मराठीत होते.

कोसंबींकडे परत वळू. हार्वर्ड विद्यापीठातील हेन्री क्लार्क वॉरन या अभ्यासकाने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते. १८९९ मध्ये त्यांच्या निधनाने ते अपुरे राहिले. ते पूर्ण करण्यासाठी प्राध्यापक जेम्स वुड्स यांनी कोसंबींना निमंत्रण दिले, आणि १९१० मध्ये हा शालेय शिक्षण अपुरे राहिलेला गोमंतकीय गृहस्थ हार्वर्डला गेला. त्यानंतरही ते तीनदा तेथे गेले. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडलाही अध्यापनासाठी जाऊन आले आणि रशियन भाषेशी त्यांनी परिचय करून घेतला. हार्वर्डची 'विसुद्धिमग्गा'ची आवृत्ती त्यांच्या पश्चात, १९५० मध्ये बाहेर पडली.

१९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली, आणि मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळावे म्हणून खटपट केली. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी पु. वि. बापट स्वतः हार्वर्डला गेले आणि पालीतील ग्रंथाची चिनी भाषांतराशी तुलना करून १९३२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. दुसरे विद्यार्थी चिं. वि. जोशी. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्या गमतींनी आपल्याला खळखळून हसवणारे हे लेखक पेशाने पालीचे प्राध्यापक होते, हे अनेकांना ठाऊक नसते. पाली जातककथा त्यांनी मराठीत आणल्या. कोसंबींचे चिरंजीव दामोदर हे १९१८ मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेस गेले, तेथील शाळेत शिकले, १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले आणि पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगास परिचित झाले. आचार्य कोसंबींनी जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे देह ठेवला. आपल्या रायपूरहून मुंबईकडे जाणारी गाडी त्या स्थानकावरून जाते. माजी विद्यार्थ्यांनी पुढील प्रवासात खिडकीतून एकदा नमस्कार करावा.

जपानहून आलेली पुस्तिका

ज्ञानाची देवाणघेवाण नेहमी माणसाच्या प्रवासानेच होते असे नाही. कधी एखादे छोटे पुस्तकही ते काम करते. अण्णासाहेब कर्वे यांना वाराणसीच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका पाठवली होती. ते विद्यापीठ १९०१ मध्ये नारुसे जिन्झो यांनी स्थापन केले. नारुसे स्वतः अमेरिकेत शिकून आलेले होते. पण परतल्यावर त्यांनी उभारलेले विद्यापीठ जपानी भाषेत शिकवणारे होते. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना कर्व्यांनी या नमुन्याचा आधार घेऊन महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, ते सुरूही केले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा आणि इंग्रजी हा एक सक्तीचा विषय, अशी त्याची रचना होती. इंग्रजीचे महत्त्व ते पूर्णपणे जाणत होते; त्यांनी केवळ तिची जागा निश्चित केली.

पुढे १९२९ मध्ये, वयाची सत्तर वर्षे उलटल्यावर, कर्वे जगप्रवासास निघाले. युरोप आणि अमेरिका पाहून ते जपानला गेले आणि ज्या विद्यापीठाची पुस्तिका वाचून आपण काम आरंभले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्याच सुमारास त्यांच्या स्नुषा इरावतीबाई बर्लिनमध्ये जर्मन विद्यापीठात शिकत होत्या. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. संशोधनाचे शिक्षण जर्मनीत झालेल्या या विदुषीचे 'युगान्त' मराठीत आहे आणि त्याला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे वाचक जाणतातच.

पुण्यात मराठी शिकणारे परदेशी

देवाणघेवाण म्हणावयाची तर ती दोन्ही बाजूंनी असावी. गोव्यात राहून मराठीत 'क्रिस्तपुराण' रचणारे इंग्रज पाद्री फादर स्टीफन्स सतराव्या शतकातले. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश देणारे मोल्सवर्थ एकोणिसाव्या शतकातले. अगदी अलीकडच्या काळात, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील काही महाविद्यालयांनी एकत्र येऊन आपले विद्यार्थी पुण्यास पाठवण्याची योजना चालवली. हे विद्यार्थी पुणेकर कुटुंबांत राहत आणि मराठी शिकत. दलित चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट याच महाविद्यालयांपैकी कार्लटनच्या प्राध्यापिका.

या विद्यार्थ्यांना मराठी शिकवणाऱ्यांत मॅक्सीन बर्नसन होत्या. त्या मूळच्या अमेरिकन. फलटणच्या मराठी बोलीवर त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला, परदेशी विद्यार्थ्यांसाठी जाई निंबकर यांच्यासह मराठीची पाठ्यपुस्तके रचली, १९७८ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि १९८४ मध्ये फलटणला प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. ही संस्था मराठी माध्यमाची शाळा चालवते आणि वंचित मुलांना वाचन-लेखन कसे शिकवावे यावर काम करते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्या बाईंनी मराठी माध्यमाची शाळा काढावी, आणि ज्यांची मातृभाषा मराठी, त्यांनी तिच्याविषयी साशंक असावे! हा विरोधाभास आपण सर्वांनी शांतपणे विचारात घ्यावा.

आपल्या छत्तीसगडचा वारसा

आता आपल्या अंगणात येऊ. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज रतनपूरला आली आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून राज्य करू लागले. त्या काळात दप्तरात मोडी लिपी आली, आणि दसऱ्याला सोने वाटण्याची प्रथाही बिंबाजींच्या वेळी इकडे रुजली असे सांगतात. तेव्हापासून येथील मराठी कुटुंबे दोन भाषांत जगत आली आहेत.

या दुभाषी जीवनाचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे पंडित माधवराव सप्रे. मराठी घरात १८७१ मध्ये जन्मलेल्या आणि बिलासपूर-रायपुरात शिकलेल्या सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढले. त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही हिंदीतील आरंभीच्या कथांपैकी एक मानली जाते. समर्थांचा 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत नेले. कोसंबींनी बाहेरचे मराठीत आणले. सप्रे यांनी मराठीतले बाहेर दिले. दोघांचीही मराठी पक्की होती, म्हणूनच दोन्ही दिशांची ही वाहतूक होऊ शकली.

आजचा प्रश्न

आरंभी दिलेल्या प्रश्नाकडे आता वळता येईल. मराठी माध्यमातील मुलास परकी भाषा जमेल काय? आपल्या शाळेतील मूल घरी मराठी बोलते, गल्लीत छत्तीसगढी, बाजारात हिंदी, आणि वर्गात इंग्रजी शिकते. भाषा बदलण्याचा सराव त्याला लहानपणापासूनच आहे. शिवाय मराठीचे व्याकरण त्याच्या उपयोगी पडते. जर्मन भाषेत तीन लिंगे आहेत. हिंदी किंवा इंग्रजीतून तिकडे जाणाऱ्यास नपुंसकलिंग हे नवे ओझे वाटते. मराठी मुलास ते घरचेच. त्याचे पुस्तक 'ते', घर 'ते' आणि मूलही 'ते'. जर्मनमध्येही पुस्तक म्हणजे 'दास बूख', घर म्हणजे 'दास हाउस', मूल म्हणजे 'दास किंट', तिन्ही नपुंसकलिंगी. प्रत्येक शब्दाचे लिंग जुळेल असे नाही. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे. पण तीन लिंगांची व्यवस्था म्हणजे काय, हे त्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही. जपानीत 'वाताशी वा होन ओ योमिमासु' म्हणजे 'मी पुस्तक वाचते'. आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद, आणि नामाला मागून चिकटणारे प्रत्ययासारखे शब्द. इंग्रजी वाक्यरचनेपेक्षा ही रचना आपल्याला कितीतरी जवळची आहे.

हे आपोआप घडते असे मात्र नाही. मराठीची लिंगे, विभक्ती, प्रयोग ज्याने वर्गात नीट समजून घेतले, त्यालाच हा लाभ मिळतो. ज्या मुलाला मराठीत एक पानभर सुसंबद्ध लिहिता येत नाही, त्याला जर्मनमध्येही ते अवघडच जाते. म्हणून मराठीचा तास कमी करून परकी भाषेला वेळ काढणे, हा पाया खणून वरचा मजला बांधण्याचा प्रकार होईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर जपानी, कोरियन, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन, थाई अशा भाषांची शक्यता मांडली आहे, आणि तेच धोरण आरंभीचे शिक्षण मातृभाषेत असावे असे सांगते. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. पालकांना माझे सांगणे असे की, आठवीपर्यंत मराठी, हिंदी आणि इंग्रजी भक्कम होऊ द्यावी. नंतर एकच परकी भाषा निवडून तिला काही वर्षे सातत्याने द्यावीत. जर्मन-फ्रेंचच्या परीक्षांत ए१ ते सी२ आणि जपानीच्या परीक्षेत एन५ ते एन१ अशा पायऱ्या असतात. पहिली पायरी चढून प्रमाणपत्र भिंतीवर टांगले की भाषा आली असे होत नाही. उच्च शिक्षण आणि नोकरी यांसाठी मधल्या पायऱ्या ओलांडाव्याच लागतात.

माजी विद्यार्थ्यांस विनंती

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांपुढे पटसंख्येचा प्रश्न दिवसेंदिवस कठीण होत आहे, आणि आपली शाळा त्याला अपवाद नाही. हा प्रश्न भाषणांनी सुटणार नाही. या शाळेतून शिकलेली मुले जगात काय करीत आहेत हे पालकांना दिसले, तरच त्यांचा विश्वास दृढ होईल. म्हणून सयाजीराव महाराजांची अट थोडी सौम्य करून मी आपल्या माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवते. आपण परदेशात असा, पुण्या-मुंबईत असा वा येथेच असा. वर्षाला एक पुस्तक नको, पण एक लेख शाळेसाठी मराठीत लिहावा. तेथील शाळा कशा आहेत, नवी भाषा शिकताना काय अडले, आपले काम नेमके काय असते, एवढे साधेपणाने लिहिले तरी पुरे. हे लेख आपण ग्रंथालयात एकत्र बांधून ठेवू. एखाद्या मुलाच्या हाती त्यांतला कोणता लेख पडेल आणि तो त्याला कोठवर नेईल, हे आज सांगता येत नाही. सांखवाळच्या तरुणाच्या बाबतीतही ते कोणी सांगू शकले नसते.

दुसरी सूचना अशी की, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा सुटीच्या दिवशी भरतात आणि तेथे जन्मलेली मुले मराठी शिकतात. आपल्या मुलांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार करावा. आपल्यास त्यांचे जग कळेल, त्यांना मराठीत बोलणारा समवयस्क सोबती मिळेल. विमानाचे तिकीट न काढता होणारा हा विद्यार्थी-विनिमय आहे. आनंदीबाईंचा प्रवासही एका पत्रापासूनच सुरू झाला होता. ज्या माजी विद्यार्थ्यांचा या शाळांशी संबंध असेल त्यांनी मुख्याध्यापक कार्यालयाकडे कळवावे. पुढील व्यवस्था शाळा करील.

दसऱ्याला सीमोल्लंघन करून आलेला माणूस रिकाम्या हाताने घरी परतत नाही. तो सोने घेऊन येतो आणि आप्तेष्टांत वाटतो. हीरक महोत्सवाच्या या शुभप्रसंगी आपल्या शाळेच्या सर्व आजी-माजी विद्यार्थ्यांना दूरदूरचे सीमोल्लंघन घडो आणि त्यांनी आणलेल्या सोन्यात शाळेचाही वाटा असो, हीच सदिच्छा.